बॉनेटवरचं भिजत घोंगडं

उज्जैन स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘माधव नगर’ म्हटलं की तो क्षणभर थबकतो, मग स्वतःपुरतं भाषांतर करून ‘अच्छा, फ्रीगंज!’ म्हणतो आणि निघतो. पोलीस ठाण्याच्या पाटीवर माधव नगर, सरकारी दवाखान्याच्या पाटीवर माधव नगर, माणसांच्या तोंडात मात्र फ्रीगंज. नाव ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं. या महाराजांना यंत्रांचा फार शौक. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरून मद्य आणि सिगार घेऊन फिरणारी त्यांची चांदीची छोटी आगगाडी अजून ठेवलेली आहे. पाहुण्याने बाटली उचलली की ती थांबायची, परत ठेवली की चालू लागायची. सुखी गाडी. तिच्या वाटेत सेंधव्याचा घाट नव्हता आणि सोयाबीनची शेतंही नव्हती.

ही दोन्ही ज्यांच्या वाटेत येतात त्या गाड्या दिवाळीच्या तोंडावर माधव नगरात उगवू लागतात. नंबरप्लेट एमएच 12, नाहीतर एमएच 14. शिंद्यांची राजधानी 1810 मध्ये दौलतरावांच्या काळात उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, पण तिच्यामागे आलेली मराठी घरं सगळीच उठून गेली नाहीत. राहिली, रुजली, पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला घालायला शिकली, ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ असं मराठी बोलू लागली. पुढच्या पिढीने नोकऱ्या मात्र पुण्यात धरल्या. ती वर्षातून एकदा गाडी काढते, संध्याकाळी निघते, नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर करत बिजासन घाट ओलांडते, खलघाटला नर्मदेत नाणं टाकते आणि सकाळी सात वाजता दारात हॉर्न वाजवते. सहाशेच्या वर किलोमीटर. गाडीतून मुलगा उतरतो, सून उतरते, पेंगणारी नात उतरते. गाडीच्या नाकाडाला चिकटून आणखी शे-दोनशे प्रवासी आलेले असतात, ते उतरत नाहीत.

अशाच एका घरातले काका. बँकेतून निवृत्त. नाव सांगायची गरज नाही. फ्रीगंजात नुसतं ‘अहो काका’ म्हणून हाक मारली तरी निदान चार फाटकं उघडतात. निवृत्त माणसाला सकाळी सात वाजता दोनच गोष्टी हव्या असतात, पेपर आणि कोणाची तरी चूक. पेपर अजून आला नव्हता. मुलगा अंघोळ न करता झोपायला गेला, आणि काका हात मागे बांधून पांढऱ्या गाडीपुढे उभे राहिले.

दृश्य प्रेक्षणीय होतं. बंपरवर, आरशांच्या पुढच्या अंगावर, बॉनेटच्या कडेला आणि काचेच्या खालच्या भागात ठिपके, शिंतोडे, ओघळ. एका मुंगळ्याने नंबरप्लेटवरच्या 3 चा 8 केला होता. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन काढणीचा हंगाम, पाऊस नुकताच सरलेला, हवेत थंडी पुरती आलेली नाही. दिव्याभोवती हिरव्या तुडतुड्यांचे ढग जमण्याचे हेच दिवस. त्यात रात्रीचा प्रवास आणि ताशी नव्वदचा वेग. पांढुरके पुसट डाग पतंगांचे होते. पतंगाच्या पंखावरची भुकटी म्हणजे बारीक खवले, ते भस्म फासल्यासारखे उमटतात. पिवळट-हिरवा रस म्हणजे कीटकांचं रक्त. कीटकाला प्राणवायू रक्तातून न्यावा लागत नाही, तो अंगभर पसरलेल्या नळ्यांतून थेट पोचतो, म्हणून त्याच्या रक्ताला लाल व्हायचं कारणच नसतं. काचेवर कुठे लाल ठिपका दिसला तर तो माशीच्या लाल डोळ्यांचा असतो, नाहीतर एखाद्या डासिणीने उसनं नेलेल्या रक्ताचा. म्हणजे शिरपूरच्या ढाब्यावरच्या कोणा गृहस्थाचा अंश थेट उज्जैनपर्यंत तीर्थयात्रेला आलेला असू शकतो.

या विषयाचा अभ्यास करणारा माणूसही जगात आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या मार्क होस्टेटलर यांनी गाडीवर चिरडलेल्या किड्याच्या नुसत्या डागावरून तो किडा ओळखायचं पुस्तक लिहिलं, ‘दॅट गंक ऑन युवर कार’. 1997 मध्ये त्याला इग नोबेल पारितोषिक मिळालं. इग नोबेल म्हणजे आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा सन्मान. माधव नगरात या पुस्तकाची प्रत असती तर काकांची सकाळ फार चांगली गेली असती.

दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कवींनी शाई खर्च केली आहे. बिचारा प्रेमात जळतो वगैरे. 2024 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी हे उड्डाण टिपून दाखवलं, तेव्हा प्रेमाचा काही संबंध निघाला नाही. उडणारा कीटक उजेडाकडे पाठ करतो, कारण लाखो वर्षं उजेड वरून, आकाशातूनच येत होता. जिकडे उजेड ती वरची बाजू, एवढाच त्याचा हिशोब. दिवा बाजूला आला की त्याचं वर-खाली बिघडतं आणि तो गरगरत राहतो. प्रेमभंग नव्हे, दिशाभूल. कवींना कळवायची जबाबदारी अजून कोणी घेतलेली नाही.

तर काका बघत होते, आणि काका बघत आहेत हे गल्ली बघत होती.

शेजारचे भिया सगळ्यांत आधी आले. माळव्यात ‘भिया’ हा नात्याचा शब्द नसून स्वभावाचा आहे; भिया असतो तो मदत करतोच, तुम्हाला हवी असो वा नसो. ‘काकाजी, घासलेट मारो, दो मिनट का काम है,’ असं म्हणत ते आत गेले आणि कुठल्या जमान्यातली कोण जाणे, एक निळसर बाटली आणि बनियनचा बोळा घेऊन आले. काका नको म्हणेपर्यंत बॉनेटची डावी बाजू झाली होती. आणि खरं सांगायचं तर काकांनी नको म्हणायला बराच वेळ घेतला, कारण निकाल डोळ्यांपुढे होता. किडे गेले होते. वर गाडी अशी चकाकत होती की भियांनी त्यात बघून केस सारखे केले.

घासलेटाचं हे यश फसवं आहे, आणि ते कसं, हे कळायला मेणाकडे जावं लागतं. मुलाने दसऱ्याला पुण्यात गाडीची पूजा करायच्या आधी रविवारचे चार तास घालवून हाताने वॅक्स चढवलं होतं. गाड्यांच्या चांगल्या वॅक्समध्ये जे नावाजलेलं मेण असतं ते कार्नौबाचं, म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाचं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांना मेण चोपडतं. लोक ती पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेली भुकटी गोळा करतात. हे मेण 82 ते 86 अंशांपर्यंत वितळत नाही. मधमाश्यांचं मेण त्याच्या पुष्कळ आधी, 62 ते 64 अंशांनाच पाघळतं. या ताडापायी एका उद्योगपतीने केवढा खटाटोप केला! अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे एच. एफ. जॉन्सन 1935 मध्ये पाण्यावर उतरणारं सिकॉर्स्की विमान घेऊन विस्कॉन्सिनहून थेट ब्राझीलच्या फोर्तालेझाला गेले, फक्त मेणाची झाडं शोधायला. खाण्याच्या चकचकीत गोळ्यांवरही हेच मेण असतं, ई 903 या नावाने. म्हणजे नातीच्या मुठीतली गोळी आणि आजोबांपुढचं बॉनेट यांच्या अंगावर एकच झाड होतं.

आता घासलेट. डबीतलं वॅक्स मऊ आणि पसरतं राहावं म्हणून त्यात जे द्रावक घालतात ते पेट्रोलियमच्याच गोत्रातले असतात. घासलेट त्याच गोत्राचं. सगोत्र भेटले की विरघळायचेच. भियांच्या बोळ्याने किडा उचलला नाही. किडा ज्या मेणावर बसला होता ते मेणच उचललं. किड्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली, मग तो उभा कुठे राहणार? आणि मागे राहिलेली चकाकी रंगाची नव्हती, तेलाच्या पुटाची होती. दुपारपर्यंत त्या पुटावर फ्रीगंजातली सगळी धूळ वस्तीला येते. डिझेल, टर्पेंटाइन आणि गंजलेले नट सोडवायचे फवारे यांचंही तेच. डांबराच्या हट्टी ठिपक्यावर एकदा चालतील, पण मग त्या जागेला पुन्हा वॅक्स लावायची तयारी हवी.

तोपर्यंत फाटकाशी सभा भरली होती. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, लिंबू. लिंबाचा रस पीएच मापनात दोन-अडीचच्या घरात, म्हणजे चांगलाच आंबट. कीटकाचा डाग मुळात आंबट होऊनच रंगाला चावतो; त्यावर लिंबू पिळणं म्हणजे चोराला शिडी धरणं. गाडीच्या बाबतीत लिंबाची जागा ठरलेली आहे, बंपरखाली, सात मिरच्यांच्या संगतीत. कोणीतरी कोला सुचवला. तोही अडीचच्या आसपास, शिवाय साखरेचा चिकटा. मेलेले किडे काढायला जावं आणि जिवंत मुंग्या बोलवाव्यात असा प्रकार. एका आजींनी राख सांगितली. राखेने पितळ उजळतं कारण राख खरवडते, आणि पितळेचा तांब्या शंभर वर्षं खरवडला तरी तांब्याच राहतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे गाडीची सारी शान केसाहून पातळ थरात आहे, आणि मेण तर त्याच्याही कितीतरी पातळ. भस्म महाकालाला शोभतं. बॉनेटला नाही.

मग कोणीतरी आतून भांड्यांचा साबण आणि हिरवी घासणी आणली. घासणीबद्दल बोलायलाच नको. तिचं काम कढईच्या बुडाशी आहे. साबणाचा मामला जरा नाजूक. भांड्यांचा साबण तुपाची वाटी स्वच्छ करण्यासाठीच बनवलेला असतो, आणि त्याच्या दृष्टीने तूप काय, मेण काय, सगळा ओशटपणाच. एका धुण्यात सगळं मेण निघून जातं असं नाही, पण दर रविवारी त्याने गाडी धुतली तर दसऱ्याचं वॅक्स दिवाळी बघत नाही. कपड्यांची पावडर त्याहून कडक. गाडीसाठी म्हणून मिळणाऱ्या शाम्पूचा पीएच सातच्या जवळ ठेवलेला असतो, म्हणजे आंबटही नाही आणि खारही नाही. ही बाटली पुण्याहून आलेल्या गाडीच्या डिकीतच होती. पण डिकीची किल्ली मुलाच्या खिशात होती, आणि मुलगा घोरत होता.

काकांनी मग फोन लावला. प्रत्येक मराठी घरात परदेशात असलेला एक भाचा असतो आणि त्याला कोणत्याही विषयावर, कोणत्याही वेळी विचारता येतं. हा फ्लोरिडात होता, आणि योगायोगाने विषय त्याच्या जिव्हाळ्याचा निघाला. फ्लोरिडात ‘लव्हबग’ नावाच्या काळ्या माश्या वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आधी आणि सरत्या उन्हाळ्यात, चारेक आठवडे धुमाकूळ घालतात. नर-मादी एकमेकांना चिकटूनच उडतात. त्यांना हायवेवरचा धूर आणि उष्णता आवडते, म्हणून त्या जोडीने येतात आणि जोडीनेच जातात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काहीतरी चुकलं आणि हा किडा तयार झाला, अशी एक कंडीही तिथे वर्षानुवर्षं पिकते. ती खोटी आहे, किडा मध्य अमेरिकेकडून आपल्या पंखांनी सरकत आला. तिथल्या अभ्यासकांनी या चिरडलेल्या जोडप्यांचा पीएच मोजून ठेवलाय. ताजा डाग साडेसहा, म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी. चोवीस तासांनी सव्वाचार. जंतूंनी तो आंबवलेला असतो, इडलीच्या पिठासारखा. वर ऊन लागलं की त्यातली प्रथिनं तव्यावरच्या अंड्यासारखी धरतात, आणि मग डाग काढला तरी त्याच्याखाली रंगावर एक फिकट खड्डा उरतो. तो धुऊन जात नाही. तो पॉलिश करून घासावा लागतो, म्हणजे त्या केसाहून पातळ थरातलाच थोडा खर्ची घालावा लागतो.

‘मग तुम्ही लोक करता काय?’ काकांनी विचारलं. भाचा म्हणाला की काहीजण निघण्याआधी बंपरला बाळाच्या मालिशचं तेल चोळतात. काकांच्या मागून लगेच आवाज आला, ‘खोबरेल आहे घरात.’ तेल लावलं की किडे चिकटत नाहीत हे बरोबर आहे; पण धुळ्याची धूळ चिकटते हेही तितकंच बरोबर. फ्लोरिडात खोबरेल चालेल. तिथे रस्ते धुतल्यासारखे असतात.

एवढ्यात काकू बाहेर आल्या. हातात झारा, कारण आत पोहे परतायला घेतले होते.

काकूंना कार्नौबा ठाऊक नव्हता, पीएच ठाऊक नव्हता, क्लिअर कोटशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी गाडीकडे बघितलं, भियांच्या बोळ्याकडे बघितलं, आजींच्या राखेकडे बघितलं आणि ज्या सुरात त्या घरच्या मोलकरणीला गेली तीस वर्षं सांगत आल्या होत्या त्याच सुरात म्हणाल्या, ‘अहो, घासताय काय? भिजत घाला आधी!’

मराठीत ‘भिजत घोंगडं’ म्हणजे कधीच निकाली न निघणारं काम. सरकारी फायलींनी बदनाम केलेला वाक्प्रचार. पण गाडीवरच्या किड्यांपुरतं बोलायचं तर सगळं शास्त्र या भिजत घालण्यात आहे. करपलेलं पिठलं, वाळलेला भात, पातेल्याला धरलेलं दूध, यांच्याशी कोणतीही शहाणी बाई कुस्ती खेळत नाही. पाणी घालते आणि दुसऱ्या कामाला लागते. वाळलेला किडा म्हणजे मुख्यतः प्रथिनं आणि वर काइटिनची, म्हणजे कवचाच्या द्रव्याची, फोलपटं. प्रथिनं पाणी प्यायली की फुगतात, सैल होतात, पकड सोडतात. मेण मात्र पाणी पीत नाही. हा एकच फरक आहे आणि तोच कामाचा आहे. पाण्याला किडा कळतो, मेण कळत नाही. घासलेटाला मेण कळतं. लिंबाला रंग कळतो. घासणीला कोणीच कळत नाही.

काकूंनी आतून जुन्या सुती साडीचे तुकडे आणले, साध्या पाण्यात बुचकळून हलकेच पिळले आणि तापाच्या माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात तशा बंपरवर, आरशांवर आणि बॉनेटच्या उजव्या कडेवर पसरल्या. गाडी तेवढी आधी सावलीत घ्यायला लावली. हॅंडब्रेक काढून भियांनी ढकलली. इथे त्यांच्या मदतीचा खरा उपयोग झाला.

सावलीचं महत्त्व उज्जैनकराला वेगळं सांगायला नको. कर्कवृत्त इथून हाकेच्या अंतरावर. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात इथे वेधशाळा उभारली, आणि तिचा जीर्णोद्धार ज्या माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये करवला त्यांच्याच नावाच्या वस्तीत ही गाडी उभी होती. एकवीस जूनच्या आसपास भर दुपारी वेधशाळेतल्या शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते आणि ते बघायला शाळांच्या सहली येतात. ज्या गावात सूर्य असा डोक्यावर येऊन बसतो तिथे उघड्यावरच्या बॉनेटला हात लावून बघावा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू ओतला तर धुवायच्या आत वाळतो आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके सोडतो. ओली पट्टी पाच मिनिटांत पापड होते. गाडी थंड, जागा सावलीची, वेळ सकाळची. ऑक्टोबरातही.

‘किती वेळ ठेवायचं?’ काकांनी विचारलं.

‘पोहे खा तोवर.’

हे माप अचूक होतं. दहा-पंधरा मिनिटं. पोहे आले, वर शेव, वर जिरावण, शेजारी जिलेबी. मध्ये एकदा काकूंनी पट्ट्यांवर तांब्याभर पाणी शिंपडलं. त्या वाळू द्यायच्या नसतात, एवढंच पथ्य. फाटकाजवळच्या सभेलाही बशा गेल्या. राख, लिंबू आणि घासणी कठड्यावर ओळीने ठेवून सगळे खाऊ लागले, आणि दहा मिनिटं फ्रीगंजात कोणी कोणाला सल्ला दिला नाही.

पट्टी उचलली तेव्हा अर्धे किडे पट्टीबरोबर आले. उरलेल्यांना मऊ ओल्या कापडाने एकाच दिशेने हलकेच ओढलं. गोल गोल चोळलं नाही, कारण किड्याचं कवच आणि रस्त्याची वाळू दोन्ही कापडात अडकतात आणि प्रत्येक गोल हा एक ओरखडा असतो. उन्हात पांढरी गाडी तरी लाज राखते. काळ्या गाडीवर हे गोल कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. पाच-सहा ठिपके हटून बसले होते. त्यांच्यावर काकूंनी पुन्हा पट्टी ठेवली आणि कपबशा विसळायला गेल्या. नखं नाहीत, सुरी नाही, एटीएम कार्डाची कड नाही. काचेचं तेवढं वेगळं. तिला मेणाची काळजी नसते, तिथे थोडी जबरदस्ती चालते.

एव्हाना मुलगा उठला होता. त्याने डिकीतून शाम्पू काढला, दोन बादल्या मागितल्या, एक फेसाची आणि एक कापड विसळायची. वडिलांना दुसऱ्या बादलीचं कारण पटलं नाही. पाण्याचा अपव्यय यावर त्यांनी छोटं भाषण केलं. नंतर दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेली वाळू बघून ते भाषण त्यांनी मागे घेतलं नाही, पण पुढेही नेलं नाही. बाजारात किडे काढायचे फवारेही मिळतात. काहींत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, काहींत नुसता खार. मुलाकडे होता, पण त्याने तो फक्त त्या पाच-सहा हट्टी ठिपक्यांवर मारला आणि वाळायच्या आत धुऊन टाकला. एवढ्याने मेण जात नाही. रोज अंगभर मारला तर जातं.

काका मात्र वेगळ्याच विचारात होते. खुर्ची टाकून बसले होते आणि म्हणत होते की त्यांच्या वेळी याहून पुष्कळ किडे यायचे. अँबॅसेडरने इंदूरहून धुळ्याला जायचं तर सेंधव्याला थांबून काच धुवावी लागायची, वायपर नुसता चिखल करायचा. सगळ्यांनी मानेने हो म्हटलं, जसं ‘आमच्या वेळी तूप पाच रुपये’ याला म्हणतात तसं. पण या बाबतीत निवृत्त माणसाची तक्रार जगभरच्या मोजमापांशी जुळते. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटकअभ्यासकांनी 63 संरक्षित जागांवर 27 वर्षं सापळे लावून उडत्या कीटकांचं वजन केलं. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आला तेव्हा घट 75 टक्क्यांच्या वर होती. डेन्मार्कमध्ये अँडर्स पापे मोलर 1997 ते 2017 अशी वीस वर्षं त्याच त्या रस्त्यांवरून गाडी नेत काचेवरचे किडे मोजत राहिले आणि त्यांनाही मोठी घसरण दिसली. ब्रिटनमधल्या पक्षीरक्षक संस्थेने 2004 मध्ये जवळजवळ 40,000 वाहनचालकांना नंबरप्लेटवर चिकटवायला एक जाळीचा कागद दिला, नाव ‘स्प्लॅटोमीटर’, मराठीत चिरडमापक म्हणू. सव्वातीन लाखांच्या आसपास किडे मोजले गेले. सरासरी पाच मैलांना एक. केंट परगण्यात 2019 मध्ये हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा आकडा निम्म्यावर आला होता. नव्या गाड्यांच्या निमुळत्या नाकामुळे किडे बाजूने निसटत असतील अशी शंका होती, म्हणून केंटवाल्यांनी जुन्या गाड्याही पळवून बघितल्या. नव्यांवरच थोडे जास्त चिकटले.

म्हणजे काकांच्या अँबॅसेडरला दोष नव्हता. किडेच कमी झालेत. काकांनी ‘बघा!’ असं म्हणून सभोवार पाहिलं, पण तोपर्यंत सभा पांगली होती. भिया घासलेटाची बाटली विसरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मागच्या अंगणात अळूची पानं काढत होत्या. पाडव्याला फदफदं करायचं होतं. पानावर रात्रीच्या दवाचे थेंब पाऱ्यासारखे इकडून तिकडे पळत होते. ‘अळवावरचं पाणी’ म्हणजे क्षणभंगुर, असं आपण कीर्तनात ऐकतो. जर्मनीत विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी 1997 मध्ये कमळाच्या पानाची स्वच्छता तपासून जो प्रसिद्ध निबंध छापला, त्यातल्या पानांत अळूही होतं. पानावरचे बारीक उंचवटे आणि त्यांवरचे मेणाचे कण पाण्याला टेकूच देत नाहीत. थेंब गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. गाडीच्या वॅक्सला अळूइतकी कला साधलेली नाही, पण घराणं तेच. म्हणून वॅक्स शाबूत आहे का हे बघायला मीटर लागत नाही. पाणी शिंपडायचं. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर मेण आहे. पाणी चादरीसारखं पसरलं तर गेलं.

हे काकांना भाच्याने रात्री फोनवर सांगितलं होतं. तुळशीला पाणी घालून तांब्यात जे उरलं ते घेऊन ते गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर ओंजळभर उडवलं. उजवीकडे, काकूंच्या पट्ट्यांच्या बाजूला, शेकडो मणी टपोरे उभे राहिले आणि उन्हाच्या पहिल्या तिरिपेत लुकलुकले. डावीकडे, भियांच्या बाजूला, पाणी सपाट पसरलं. मध्ये हद्द इतकी सरळ होती की तलाठ्याने आखल्यासारखी.

मागे जिन्यावर पावलं वाजली. मुलगा चहाचा कप घेऊन खाली येत होता. काकांनी खांद्यावरचा ओला पंचा काढला आणि बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागावर नीट, सुरकुती न ठेवता पसरला.

‘बाबा, हे काय?’

‘काही नाही,’ काका म्हणाले. ‘इकडचं अजून भिजतंय.’